टँकरवरची हिरवळ

'लॉन्स' या शब्दाचा मराठीतला प्रवास पाहण्यासारखा आहे. इंग्रजीत हे कापून सारख्या केलेल्या गवताचे अनेकवचन. मराठीत आल्यावर ते एकवचनी झाले आणि त्याचा अर्थ झाला मंगल कार्यालय. लग्नपत्रिकेवर विवाहस्थळ म्हणून 'अमुक लॉन्स, बायपास रोड' असे छापलेले असते आणि ते वाचताना कोणाला गवत आठवत नाही. आठवते ती कमान, गाड्या लावायची जागा, स्टेज आणि जेवणाची रांग. तरी शब्दाने मूळ वस्तूला पुरते सोडलेले नाही. नाव लॉन्स म्हटले की मध्यभागी हिरव्या गवताचा एक चौकोन असावाच लागतो, कारण छायाचित्रात तो दिसावा लागतो. बीड जिल्ह्यासारख्या ठिकाणी, जिथे दर दोन-तीन उन्हाळ्यांत एकदा तरी गावोगाव टँकर फिरतात, तिथे हा शब्द आणि ही वस्तू इतक्या सहजपणे कशी रुजली, आणि त्या चौकोनाची किंमत नेमकी कोण देते, याचा विचार करावा असे आम्हांला पुष्कळ दिवस वाटत होते.

प्रश्न केवळ मंगल कार्यालयांचा नाही. खाजगी रुग्णालये, मोटारींच्या शोरूम, पेट्रोलपंप, शिकवणी वर्गांच्या इमारती, विनाअनुदानित महाविद्यालये आणि शहराबाहेरच्या प्लॉटिंगची ती भव्य प्रवेशद्वारे, या सर्वांना आता 'परिसर सुशोभीकरण' हवे असते. हवे असणे वाईट नाही. धंद्याची जागा देखणी असावी असे ज्या समाजाला वाटू लागले तो समाज केवळ पोटामागे धावणे सोडून चार पावले पुढे आला असे आम्ही समजतो. पण सौंदर्याची इच्छा स्थानिक आणि सौंदर्याचा नमुना परका, असे झाले की जे होते ते बीडच्या रस्त्यांवर दिसते.

ही चर्चा आत्ताच करण्याला एक कारण आहे. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड शहरात अहिल्यानगरहून रेल्वे आली. पुढे ती परळीपर्यंत जायची आहे. दोन-तीन पिढ्यांनी जिची वाट पाहिली ती गाडी आल्यावर जमिनीचे काय होते हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. चौपदरी महामार्गाने सोलापूर ते छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यात जे केले तेच आता रुळांच्या कडेने होईल: शेत, मग एन.ए., मग प्लॉट, मग दुकानांची रांग. म्हणजे येत्या दहा वर्षांत बीड जिल्ह्यात जेवढी व्यापारी अंगणे तयार होतील तेवढी मागच्या पन्नास वर्षांत झाली नसतील. त्या अंगणांत काय लावायचे हे अजून ठरायचे आहे. ते नमुनापुस्तिका पाहून ठरू नये, एवढाच आमचा आग्रह.

आज काय लावले जाते? दाराशी दोन्ही बाजूंस रॉयल पाम, तो परवडला नाही तर बॉटल पाम. भिंतीला लागून कोनोकार्पसची दाट रांग, कारण तो वर्षात डोक्याइतका वाढतो आणि जनावर त्याला तोंड लावत नाही. पुढे पिवळ्या डुरांटाचे कापलेले कुंपण, त्यात कधी कात्रीने साधलेले नाव. मधे लॉन. उरलेल्या जागेत पेव्हर ब्लॉक, आणि ते असे बसवलेले की एखादे जुने झाड राहिलेच असेल तर त्याच्या खोडाला गळफास बसावा. कारंजे असतेच, ते उद्घाटनाच्या दिवशी चालते. या सगळ्यात बागेचे काम करणाऱ्या माळ्याचा दोष नाही. रोपवाटिकेत जे मिळते ते तो लावतो, आणि रोपवाटिकेत जे खपते ते मिळते.

आता हिशेब करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात लॉन हिरवे ठेवायचे तर रोज किमान पाच मिलिमीटर पाणी लागते, आणि मराठवाड्यातल्या एप्रिल-मेचा विचार करता हा आकडा हात राखूनच धरलेला आहे. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. म्हणजे गुंठ्याला रोज पाचशे लिटर. एखाद्या लॉन्सचे गवत वीस गुंठे, अर्धा एकर असेल, तर रोज दहा हजार लिटर. हा साधारण एक टँकर झाला. जलजीवन मिशनने २०१९ मध्ये ग्रामीण माणसासाठी रोज ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्या मापाने हे पाणी १८० माणसांचे. आणि टंचाईच्या काळात टँकरने पाणी देताना सरकार माणशी २० लिटर धरते. त्या मापाने पाचशे माणसांचे, म्हणजे एका वाडीचे. गवताच्या एका तुकड्याला एका वाडीचे पाणी.

'आमचे स्वतःचे बोअर आहे,' असे यावर उत्तर मिळते. या उत्तरात प्रामाणिकपणा असतो, पण भूगर्भाची ओळख नसते. बीडच्या खाली काळा कातळ आहे. त्यात पाणी साठते ते वरच्या कुजलेल्या थरात आणि खालच्या भेगांत, आणि भेगांना सातबारा नसतो. बोअर स्वतःच्या जागेत असले तरी पाणी स्वतःच्या जागेतले नसते. शेजारच्या विहिरीतले, ओढ्याच्या काठचे, पलीकडच्या वस्तीच्या हातपंपाचे पाणी त्यात उतरते. भिंत वर बांधता येते, खाली नाही. पाण्याअभावी २०१३ साली परळीचे औष्णिक वीजकेंद्र बंद ठेवावे लागले होते. जिथे वीजकेंद्राला पाणी पुरले नाही तिथे शोभेच्या गवताला ते पुरते, ही गोष्ट विलक्षण आहे खरी.

लॉनमागे एक सामाजिक मानसशास्त्र आहे आणि ते बीडचे नाही. थॉर्स्टिन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली लिहिलेल्या 'द थिअरी ऑफ द लेझर क्लास' या ग्रंथात त्याची चिकित्सा केली. त्याचे म्हणणे असे की, आखूड गवताचे कुरण डोळ्यांना गोड वाटते ते गुराख्यांच्या वंशजांना. हे गवत आखूड ठेवण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे त्यावर गाय सोडणे; पण गाय उपयोगी प्राणी, तिच्यामुळे काटकसरीचा वास येतो, म्हणून श्रीमंताच्या हिरवळीवर गाय चालत नाही. उपयोग नसणे हीच त्या हिरवळीची प्रतिष्ठा. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या या निरीक्षणाला बीडमध्ये जी धार येते ती व्हेब्लेनला सुचणे शक्य नव्हते. २०१३ च्या आणि २०१९ च्या दुष्काळांत या जिल्ह्यात चारा छावण्या उभ्या होत्या. शेतकरी कुटुंबे आपल्या जनावरांसोबत तिथे महिनोन्‌महिने राहत होती. ज्या भूमीत जनावराला गवताची काडी मिळावी म्हणून माणूस घर सोडतो, त्या भूमीत न चरण्याचे गवत पोसणे याला वैभव म्हणायचे की आणखी काही, हे वाचकांनी ठरवावे.

गंमत अशी की, ज्या देशाकडून ही आवड जगभर पसरली तोच देश आता तिचा हिशेब मागू लागला आहे. अमेरिकेतील नेवाडा राज्याने २०२१ मध्ये कायदा केला: कोलोरॅडो नदीचे पाणी वापरून 'निरुपयोगी हिरवळ' पोसण्यास १ जानेवारी २०२७ पासून लास व्हेगासच्या परिसरात बंदी. घराचे अंगण यातून वगळले आहे. बंदी आहे ती दुकाने, कार्यालये, रस्त्यांचे दुभाजक, वसाहतींची प्रवेशद्वारे यांच्यापुढील गवताला. 'निरुपयोगी' याची व्याख्याही मार्मिक आहे. ज्यावर कोणी खेळत नाही, बसत नाही, ज्यावर पाय पडतो तो केवळ ते कापणाऱ्याचा, असे गवत. जुगाराच्या झगमगाटासाठी प्रसिद्ध असलेल्या शहराला जे कळले ते कळायला आपल्याला कोलोरॅडो आटण्याची वाट पाहायला नको, बिंदुसरा आहेच.

मग बीडचा स्वतःचा नमुना कोणता? तो शोधायला दूर जावे लागत नाही. शहराच्या दक्षिणेस पाच-सहा किलोमीटरवर खजाना विहीर आहे. अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या काळात, १५८२ च्या सुमारास, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधवली आणि राजा भास्कर नावाच्या स्थपतीने तिची रचना केली असे इतिहास सांगतो. वर्तुळाकार विहीर, आत उतरायला पायऱ्या, पाणी आणणारी आणि पाणी शिवाराकडे नेणारी भुयारे, आणि हे सारे उताराच्या जोरावर, मोटेशिवाय. हिचे पाणी दुष्काळातही आटत नाही अशी बीडकरांची श्रद्धा आहे. शहरातच कंकालेश्वराचे मध्ययुगीन मंदिर आहे. ते तर कुंडातच उभे आहे, चहूबाजूंनी पाणी आणि मधे दगडाची कोरीव नक्षी. या दोन्ही वास्तूंत शोभा आणि उपयोग यांची ताटातूट झालेली नाही. पाणी आधी अडवले, साठवले, आणि मग त्याच्याभोवती सौंदर्य मांडले. आजच्या सुशोभीकरणात क्रम उलटा आहे: सौंदर्य आधी मांडायचे आणि मग त्यासाठी पाणी शोधत फिरायचे.

दुसरा नमुना साधा, आणि आम्हांला अधिक प्रिय. तो म्हणजे पार. वडाभोवती किंवा पिंपळाभोवती दगडी ओटा बांधला की पार झाला. त्यावर पंचायत बसते, वाटसरू टेकतो, नाभिकाचे दुकान चालते, बाजाराच्या दिवशी बांगड्या विकल्या जातात. मोंढ्यातली जुनी झाडे हीही अशीच. तिथे बैल सोडले जात, माल उतरेपर्यंत शेतकरी गाडीखाली किंवा झाडाखाली अंग टाकी. अडत्याला ठाऊक होते की ज्याच्या दुकानापुढे सावली त्याच्याकडे गाडी आधी थांबते. सावली ही त्या काळात धंद्याची गुंतवणूक होती, जशी दाराशी मांडलेली पाणपोई आणि तिच्यातले रांजण. आजही जिल्ह्यातल्या कोणत्याही रस्त्याने जा, चहाची टपरी कुठे आहे ते पाहा. ती लिंबाखाली असते. टपरीवाल्याने लिंब लावलेला नसतो. त्याने लिंब शोधलेला असतो. व्यापारी जागेचे सौंदर्य म्हणजे काय, हे ज्याच्याजवळ आराखडा नाही, वास्तुविशारद नाही, त्या माणसाला सर्वांत नीट कळले आहे असे आम्हांला वाटते.

येथे कोणी म्हणेल की ही 'देशी विरुद्ध विदेशी' अशी शुद्धतेची भूमिका झाली. तसे नाही. बीडच्या ज्या फळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ज्याचा बालाघाटच्या डोंगरावर रानमेवा म्हणून आपण अभिमान बाळगतो, ते सीताफळ मुळात अमेरिका खंडातले. चिंच आफ्रिकेतून आली असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. गुलमोहर मादागास्करचा. झाडाला कुळ विचारण्यात अर्थ नाही; ते इथल्या पावसावर जगते का आणि जगताना इथल्यांना काही देते का, हे विचारावे. सीताफळाने मुरमाड उतार पत्करला, वर्षातले सहासात महिने पाण्यावाचून काढायला शिकले, पान झाडून टाकले, आणि दसरा-दिवाळीच्या बाजाराला टोपलीभर फळ दिले. त्याला बीडचा रहिवासी म्हणायला कोणाची हरकत? उलट रॉयल पाम पन्नास वर्षे इथे राहिला तरी पाहुणाच. पाणी भरपूर पितो आणि सावली द्यायच्या वेळी मान वर करून उभा राहतो. खजुराच्या उंचीबद्दल कबीरांनी जी तक्रार केली ती याच्यावर अधिक लागू पडते. कोनोकार्पसची गोष्ट तर शासनदरबारीच पोहोचली. त्याची मुळे जलवाहिन्या आणि गटारे शोधत जातात आणि त्याचे परागकण श्वासाला त्रास देतात, या कारणांसाठी गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली.

खरी अडचण सौंदर्यदृष्टीची आहे, आणि म्हणून हा विषय आम्ही साहित्याच्या वाचकांपुढे मांडतो आहोत. आपल्या मनात 'निसर्गसौंदर्य' म्हटले की कोकण उभे राहते, किंवा महाबळेश्वर. बालभारतीच्या पुस्तकापासून दिनदर्शिकेवरच्या चित्रापर्यंत निसर्ग हा हिरवा आणि ओला असतो. पठारावरच्या मुलाला आपल्या गावच्या माळात निसर्ग दिसत नाही. तो सहलीला गेल्यावर दिसतो. दुर्गा भागवतांनी 'ऋतुचक्र' १९५६ साली पुस्तकरूपाने दिले. त्यात बारा महिने आहेत आणि बाराही महिन्यांना त्यांचे त्यांचे रूप आहे, उन्हाळ्यालाही. ना. धों. महानोरांनी १९६७ च्या 'रानातल्या कविता'मध्ये मराठवाड्याच्या कोरडवाहू रानाला मराठी कवितेत हक्काची जागा दिली. परंतु या दृष्टीचा आपल्या वास्तूंच्या अंगणांवर काही परिणाम झाला असे म्हणता येत नाही. पुस्तके कपाटात राहिली, अंगणात पाम आला. भिंतीवर मात्र तुकोबांचा वृक्षांविषयीचा अभंग रंगवलेला असतो, आणि त्या भिंतीसाठीच एखादी बाभूळ तोडलेली असते.

बीडचा निसर्ग कोरडा आहे, पण दरिद्री नाही. फाल्गुनात पळस पेटतो तेव्हा त्याच्या अंगावर एक पान नसते, आणि म्हणूनच तो दुरून दिसतो. एखाद्या शोरूमपुढे तीन पळस असतील तर त्या महिन्यात तिथे फलक लावायची गरज नाही. त्याच सुमारास पांगारा आणि काटेसावर. चैत्रात लिंबाचा मोहोर, ज्याच्या वासाने गुढीपाडव्याची चाहूल लागते. आणि चैत्र-वैशाखात, जेव्हा लॉनला सर्वांत अधिक पाणी घालावे लागते नेमके तेव्हा, बहावा आपणहून सोन्याचे घोस सोडतो. पावसाळ्यात हिवराला फिकट पिवळी फुले येतात. भाद्रपद-आश्विनात तरवड. या तरवडाची तर कोणी कदरच करत नाही. पडीक रानात, बांधावर, रेल्वेच्या भरावावर आपोआप येणारे हे कमरेएवढे झुडूप. शेळीही त्याला सहसा तोंड लावत नाही, पाणी घालावे लागत नाही, आणि नवरात्रात घटावर माळ चढवायला त्याचीच फुले लागतात. डुरांटाचे कुंपण ज्यांनी लावले त्यांच्या घरची बाई घटस्थापनेला तरवड शोधत बांधाबांधाने फिरते. मग तेच कुंपणाला का लावू नये, याचे उत्तर 'ते रानातले आहे' याखेरीज आम्ही ऐकलेले नाही.

गवताचेही तसेच. कुसळी, पवन्या ही माळावरची गवते श्रावणात हिरवी असतात, आश्विनात तांबूस होतात, पौषात सोनेरी, आणि वैशाखात राखाडी. सोनेरी गवत म्हणजे मेलेले गवत नव्हे. ते बी टाकून झोपलेले असते. पाटोदा तालुक्यातले नायगाव मयूर अभयारण्य १९९४ साली घोषित झाले, सुमारे तीस चौरस किलोमीटरचे. तिथला मोर अशाच झुडपी रानात राहतो, लॉनवर नव्हे. हिवाळ्यातल्या एखाद्या संध्याकाळी बालाघाटच्या पठारावर वाऱ्याने हलणारे ते पिकले गवत ज्याने डोळे भरून पाहिले त्याला हिरव्या चौकोनाची फारशी मातब्बरी वाटू नये.

आणि हे नुसते कवित्व नाही, करून पाहिलेले आहे. बीडजवळ पालवणच्या उजाड डोंगरावर अभिनेते सयाजी शिंदे यांच्या 'सह्याद्री देवराई'ने आणि वनखात्याने झाडे जगवली, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तिथे पहिले वृक्ष संमेलन भरले. लेखक अरविंद जगताप त्या खटपटीत होते. संमेलनाचे अध्यक्षपद वडाला दिले होते. साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून होणारी धुमश्चक्री ज्यांना ठाऊक आहे त्यांना या निवडीतला सुज्ञपणा कळेल. निदान अध्यक्षीय भाषण लांबले नाही. असो. मुद्दा हा की, जिथे माती वीतभरही नव्हती तिथे झाड उभे राहू शकते, पण त्यासाठी माणसे दोन-तीन उन्हाळे त्या झाडामागे राहावी लागतात. सरकारी मोहिमांना हेच जमत नाही. २०१९ सालच्या राज्यव्यापी मोहिमेचे उद्दिष्ट ३३ कोटी झाडांचे होते. 'खड्डा तोच, रोप नवे' हा विनोद तेव्हाही जुनाच होता. व्यापारी अंगणाचा येथे मोठा फायदा आहे, तो कोणी लक्षात घेत नाही. तिथे पहारेकरी असतो, नळ असतो, कुंपण असते आणि पाहणारा मालक असतो. डोंगरावर झाड जगवण्यापेक्षा दुकानापुढे झाड जगवणे कितीतरी सोपे.

मग लावत का नाहीत? मनातले कारण बहुधा वेगळे असते. झाड वाढले की दुकानाचा फलक झाकला जातो. वीजवाहिनीच्या निमित्ताने, पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीच्या निमित्ताने, कधी बुंध्याशी काही ओतून, हा अडथळा दूर केला जातो. पाम आवडतो याचेही हेच रहस्य आहे: तो फलक झाकत नाही. शहरी झाडांचे रक्षण करणारा कायदा महाराष्ट्रात १९७५ पासून आहे आणि २०२१ च्या सुधारणेने पन्नास वर्षांवरील झाडांना वारसा वृक्षाचा दर्जाही दिला. पण फलक आणि फांदी यांच्या भांडणात कायदा क्वचितच वेळेवर पोहोचतो. आम्ही दुकानदाराला कायद्याची भीती घालणार नाही. बाजाराची भाषा बोलू. मे महिन्याच्या दुपारी ज्याने गाडी लावायची आहे तो फलक वाचत नाही, सावली शोधतो.

दुसरे कारण ग्राहकाचे. वधूपित्याला हिरवळ हवी असते, छायाचित्रकाराला हवी असते, आणि मालक म्हणतो, मी न दिली तर शेजारचा देईल. हे म्हणणे खोटे नाही, आणि मालकांना खलनायक ठरवून काही साधत नाही. त्यांपैकी अनेकजण शेतकऱ्याचीच मुले आहेत. कोरडवाहू सहा एकरांत जे पिकले नाही ते रस्त्याकडेच्या अर्ध्या एकरात पिकले, एवढेच. यावर तोडगा म्हणून अलीकडे काही ठिकाणी प्लास्टिकचे गवत अंथरू लागले आहेत. पाणी वाचते हे खरे; पण उन्हात ते असे तापते की त्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही, आणि खाली माती गुदमरते ती वेगळीच. वीस गुंठ्यांऐवजी दोन गुंठे खरे गवत स्टेजपुढे ठेवावे, त्याला भांडी धुतलेले पाणी गाळून द्यावे, आणि बाकी अंगणात लिंब, करंज, शिरीष लावून त्यांच्याखाली पंगत बसवावी. मे महिन्यातल्या लग्नात मांडवाच्या पत्र्याखाली घामाघूम होणाऱ्या वऱ्हाडाला करंजाची सावली काय वाटेल हे सांगायला नको.

पाण्याची बाजूही मालकाच्याच हातात आहे. एक हजार चौरस मीटर छपरावर सहाशे मिलिमीटर पाऊस पडला तर सहा लाख लिटर पाणी येते. बीडचा सरासरी पाऊस याहून थोडा अधिकच. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी पावणेपाच लाख लिटर उरतात. आज हे पाणी पेव्हर ब्लॉकवरून रस्त्यावर आणि रस्त्यावरून शेजाऱ्याच्या दारात जाते. अंगणाला एका अंगाने किंचित उतार, शेवटी दगडगोट्यांनी भरलेला शोषखड्डा, आणि झाडाभोवती चार फुटांचे तरी मोकळे आळे. यात खर्चाचे असे काहीच नाही. नगररचनेचे राज्यव्यापी नियम २०२० मध्ये आले. त्यांत एक एकराच्या आसपासच्या, म्हणजे ०.४ हेक्टरच्या आणि मोठ्या रेखांकनात दहा टक्के जागा मोकळी सोडायला सांगितली आहे. ती सोडली जाते. फक्त तिच्यावर पुढे 'खुली जागा' अशी पाटी उरते, पाटीमागे बांधकामाचा राडारोडा, आणि यथावकाश एखादे सभागृह. या दहा टक्क्यांत पाणी मुरवण्याची आणि सावलीची सक्ती नगरपालिकांनी केली तर रेल्वेच्या कडेने होणाऱ्या वसाहतींचे रूपच पालटेल.

आमची एक मागणी मात्र थोडी आगाऊ वाटेल. झाडांची पहिली रांग भिंतीच्या बाहेर लावावी. आत लावलेले झाड ग्राहकाला सावली देते. बाहेर लावलेले झाड त्याला देते ज्याला आत येण्याचे कारण नाही. दवाखान्याबाहेर रुग्णाची वाट पाहत फुटपाथावर बसलेली म्हातारी, एस.टी.साठी थांबलेले विद्यार्थी, दिवाळीच्या आधी कारखान्यांकडे निघालेल्या ऊसतोड मजुरांचा ट्रक जिथे तासभर थांबतो तिथली लेकुरवाळी बाई. या जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे ऊस तोडायला बाहेर पडतात आणि वैशाखाच्या तोंडावर, उन्हाच्या ऐन कडाक्यात, याच रस्त्यांनी परत येतात. त्यांच्याकडून कोणा शोरूमला गिऱ्हाईक मिळायचे नाही. परळीच्या वैजनाथाचा जीर्णोद्धार करणाऱ्या अहिल्याबाईंनी देशभर विहिरी, बारवा आणि धर्मशाळा बांधल्या, त्या कुठे कुंपणाच्या आत होत्या?

आता कामाचे. खड्डे पावसाळ्यात खणू नयेत. चैत्रात खणावेत, तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तितकेच खोल, आणि महिना-दीड महिना उन्हात तापू द्यावेत. मुरूम बाजूला काढून त्यात तलावातला गाळ आणि शेणखत भरावे. धरणातला गाळ शेतात नेण्याची सरकारी योजना २०१७ पासून आहे, आणि दोन-चार ट्रॉल्या गाळ कोणालाही जड नाही. रोप हातभर नव्हे, छातीएवढे आणावे. मृगाचा पहिला चांगला पाऊस पडून गेल्यावर लावावे, काठीला सैल बांधावे, आणि पुढचे दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा प्रत्येकी दोन घागरी. तिसऱ्या उन्हाळ्यात लिंबाला कोणी विचारायची गरज उरत नाही. सहा-सात वर्षांत त्याच्याखाली मोटार उभी राहते.